नवरीच्या पाठवणीसाठी हेलिकॉप्टर : निपाणी ते गडहिंग्लज भाडेसेवेचा अनुभव

सीमाभागातल्या लग्नांत हेलिकॉप्टर दिसणे आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची पाठवणी निपाणीजवळच्या आमच्या गावातून गडहिंग्लज तालुक्यातल्या तिच्या सासरी हेलिकॉप्टरने झाली आणि मुलीचा मामा म्हणून जागा पाहणे, परवानग्या काढणे आणि कंपनीशी बोलणे ही सारी कामे माझ्याकडे आली. हेलिकॉप्टर पुण्याहून एका भाडेसेवेकडून मागवले होते. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार या एका कंपनीपुरती नसून या व्यवसायात रूढ झालेल्या एका रीतीविषयी आहे. यंत्र नीटनेटके होते, वैमानिक अनुभवी होता आणि आमच्या गावातली जमिनीवरची तयारी कंपनीने फार काळजीपूर्वक केली. सासरच्या गावात मात्र हेलिकॉप्टर जिथे उतरणार होते ती जागा पाहण्यासाठी कंपनीचा एकही माणूस गेला नाही, आणि ही त्रुटी मला किरकोळ वाटत नाही.

किरकोळ का वाटत नाही, हे समजण्यासाठी एका अपघाताकडे पाहावे लागेल. आमच्याकडे आलेले हेलिकॉप्टर बेल ४०७ जातीचे होते. एक टर्बाइन इंजिन, चार पात्यांचा मुख्य पंखा, चाकांऐवजी टेकण्यासाठी दोन आडवे दांडे म्हणजे स्किड आणि वैमानिकाखेरीज सहा जणांना बसण्याची सोय, असे हे यान भाड्याच्या प्रवासासाठी देशभर वापरले जाते. याच जातीचे एक हेलिकॉप्टर ८ मे २०२५ रोजी उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यातल्या गंगनानीजवळ कोसळले. त्यात वैमानिकासह सात जण होते, त्यांपैकी सहा जण मरण पावले. विमान अपघात अन्वेषण ब्यूरोच्या प्राथमिक अहवालात घटनाक्रम असा दिला आहे : खरसालीच्या हेलिपॅडवरून उड्डाण झाल्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी हेलिकॉप्टर खाली येऊ लागले, वैमानिकाने उत्तरकाशी-गंगोत्री रस्त्यावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्या वेळी मुख्य पंख्याचे पाते रस्त्याला समांतर गेलेल्या एका लोंबत्या केबलला लागले, कडेच्या लोखंडी कठड्यांचीही मोडतोड झाली आणि यान उतारावरून कोलांटत सुमारे २५० फूट खाली जाऊन झाडाला अडले. ती विजेची जाडजूड तार नव्हती, फायबरची केबल होती. तशा केबली आज आमच्या प्रत्येक गावात खांबाखांबांवरून, झाडांतून आणि घरांच्या पत्र्यांवरून गेलेल्या आहेत आणि त्या कुठून कुठे गेल्या आहेत याची नोंद ग्रामपंचायतीकडेही नसते.

हेलिकॉप्टर खाली का येऊ लागले, हे त्या प्राथमिक अहवालात सांगितलेले नव्हते आणि ते योग्यच होते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्राथमिक अहवाल अपघातानंतर ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो, त्यात हाती आलेली वस्तुस्थिती मांडायची असते आणि कारणमीमांसा अंतिम अहवालासाठी राखून ठेवायची असते. आपल्याकडे हे काम २०१२ पासून या ब्यूरोकडे आहे आणि २०१७ च्या तपास नियमांत तपासाचा हेतू स्पष्ट लिहिला आहे : पुढचे अपघात टाळणे हा तो हेतू आहे, दोषी ठरवणे हा नव्हे. पोलीस तपास वेगळा आणि हा तपास वेगळा. हे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. हेलिकॉप्टर ठरवण्यापूर्वी त्यांतले काही मी वाचले आणि ज्यांना आपल्या घरच्या कार्यासाठी अशी सेवा घ्यायची आहे त्यांनीही ते वाचावेत असे मी मनापासून सुचवतो. ते इंग्रजीत आहेत, पण त्यांची भाषा साधी असते आणि घरातले कॉलेजात जाणारे मूल ते समजावून सांगू शकते. या वाचनामुळेच कंपनीला कोणते प्रश्न विचारायचे हे मला कळले. बैठकीची गादी कशी आहे आणि फुलांची सजावट कुठे करता येईल, हे प्रश्न मी सोडून दिले.

आता आमच्या गावातल्या तयारीविषयी लिहितो, कारण या सेवेची खरी गुणवत्ता तिथे दिसली. लग्नाच्या काही दिवस आधी कंपनीने जमिनीवरच्या सुरक्षिततेचे काम पाहणारे एक गृहस्थ पाठवले. ते हवाई दलातून निवृत्त झालेले होते आणि सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात काही काळ राहिलेले असल्यामुळे त्यांना आमची माती आणि आमचा वारा दोन्ही ठाऊक होते. दाजींनी, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, घरालगतचे ऊसतोड झालेले रान हेलिकॉप्टरसाठी मोकळे ठेवले होते. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत लेक निघावी ही त्यांची इच्छा होती. त्या गृहस्थांनी रानातून एक फेरी मारली आणि जागा नाकारली. दाजींना वाईट वाटले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दाजी, रान तुमचं उत्तम आहे, पण सरीत एक स्किड रुतली आणि दुसरी मोकळी राहिली, तर यंत्र त्या रुतलेल्या बाजूला कलंडतं, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की कुठल्याच वैमानिकाला ते सावरता येत नाही."

हे त्यांनी अगदी थोडक्यात सांगितले, पण हेलिकॉप्टरच्या अपघातांतला तो नेहमी आढळणारा प्रकार आहे. जमिनीला टेकलेली एक स्किड दगडाला, चिखलाला किंवा खड्ड्याला अडली की यानाचे सारे वजन आणि पंख्याची ओढ त्या एका बिंदूभोवती फिरू लागते. हवेत असताना जो कल वैमानिक सहज दुरुस्त करतो, तोच कल जमिनीवर अडकलेल्या यानाला काही क्षणांत आडवे करतो. त्याखेरीज रानात पाचट होते. वरून येणारा पंख्याचा झोत सुकलेले पाचट उचलून इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडापर्यंत नेऊ शकतो आणि बांधावर पडलेला मल्चिंगचा कागद पात्यांत ओढला जाऊ शकतो. शेवटी गावाबाहेरचे हायस्कूलचे मैदान ठरले. तिथली जमीन घट्ट होती, उतार नव्हता आणि उतरताना व निघताना वाऱ्याच्या समोर तोंड करण्यासाठी दोन बाजू मोकळ्या होत्या.

धुळीचा प्रश्न तिथेही होताच. ३ मे २०२४ रोजी रायगड जिल्ह्यात महाड येथे सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले खासगी हेलिकॉप्टर उतरताना धुळीचा लोट उठून कलंडले, ते दृश्य महाराष्ट्राने आणि आम्हीही मोबाइलवर पाहिले. सुदैवाने त्यात जीवितहानी झाली नाही. धूळ एकदम उठली की वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, आपण पुढे सरकतो आहोत की बाजूला, हे कळत नाही आणि ते नेमके अशा वेळी घडते जेव्हा यान जमिनीपासून माणसाच्या उंचीइतके वर असते. आपल्या कर्नाटकातले उदाहरण कलबुर्गी जिल्ह्यातल्या जेवरगीचे आहे. ६ मार्च २०२३ रोजी माजी मुख्यमंत्री बी. एस. येडियुराप्पा यांचे हेलिकॉप्टर तिथे उतरत असताना हेलिपॅडजवळचे प्लास्टिकचे कागद आणि धूळ उडू लागली. वैमानिकाने उतरणे थांबवून यान पुन्हा वर नेले आणि मैदान साफ झाल्यावरच ते उतरवले. तिथे अपघात झाला नाही, म्हणून त्या घटनेची चर्चा दोन दिवसांत विरली. मला मात्र ती फार शिकवणारी वाटते.

आमच्या मैदानावर आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी असे दोनदा टँकरने पाणी मारले. चिखल होईल इतके पाणी नको आणि वरवर शिंपडल्यासारखेही नको, माती दाबून बसली पाहिजे, असा त्या गृहस्थांचा आग्रह होता. चुन्याने वर्तुळ आखून मध्ये एच काढला आणि वाऱ्याची दिशा कळण्यासाठी एका काठीला कापडी पिशवी बांधली. मंडपवाल्याने मैदानाच्या कडेला रचून ठेवलेल्या ताडपत्र्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या शाळेच्या वर्गात नेऊन कुलूपबंद केल्या. आग विझवण्याची साधने आणि गाडी यांची व्यवस्था परवानगीच्या अटींतच होती.

तारांची पाहणी त्यांनी पायी केली. निलंग्याची घटना त्यांनीच काढली. २५ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर निलंग्याहून उडाल्यावर काही क्षणांतच तारांत सापडून वस्तीलगत कोसळले होते आणि त्यातले सहाही जण वाचले होते. वरून पाहणाऱ्याला तार दिसत नाही, खांब दिसतो, म्हणून वैमानिक खांबांच्या रांगा पाहून तारांचा अंदाज घेतो. एकटा खांब, किंवा झाडाला बांधून पुढे नेलेली केबल असली तर हा अंदाजही चुकतो. आमच्या मैदानाच्या पूर्वेला हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइन होती आणि शाळेच्या छपरावरून वसतिगृहाकडे इंटरनेटची केबल गेली होती. केबल काढून घेतली, खांबांना लाल कापडे बांधली आणि ती बाजू येण्याजाण्यासाठी वर्ज्य केल्याचे कागदावर आखून वैमानिकाला पाठवले. तो नकाशा साधा हाताने काढलेला होता, पण त्यावर प्रत्येक खांब, पाण्याची टाकी आणि मोबाइलचा मनोरा होता. या कामासाठी कंपनीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

वजनाच्या बाबतीत कंपनीने आमच्या घरच्यांची नाराजी पत्करली आणि मला ते पटले. सहा जणांची जागा असताना चारच प्रवासी घेतले : नवरा, नवरी, करवली आणि दीर. आमचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० ते ७५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून विरळ होते, तिच्यात पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. त्यामुळे थंड सकाळी जे वजन सहज उचलले जाते तेच भर दुपारी जड होते. चौघांना सामानासकट रेशन दुकानातल्या काट्यावर उभे केले. काही पाहुण्यांना ते अप्रशस्त वाटले, परंतु प्रत्येकाचे वजन अंदाजाने लिहून घेणारी कंपनी मी निवडली नसती. रुखवत आणि पेट्या जीपने गेल्या. अक्षता साडेबाराला पडल्या तरी निघण्याची वेळ चारची ठेवली, म्हणजे उन्हाचा कडाका उतरतो आणि सूर्यास्तापूर्वी यानाला पुण्याला परतता येते.

प्रवास स्वतः थोडक्यात सांगण्यासारखा आहे. रस्त्याने संकेश्वरमार्गे तासभर लागणारे अंतर काही मिनिटांत पार झाले. भाचीने सांगितल्याप्रमाणे वैमानिकाने पट्टे स्वतः तपासले, कानांवर हेडफोन चढवले आणि उतरल्यावर पाती पूर्ण थांबेपर्यंत कोणीही दार उघडू नये हे मराठीत समजावले.

आता तक्रार. सासरच्या गावातली जागा व्याह्यांनी परस्पर ठरवली होती. करारातल्या एका कलमानुसार उतरण्याच्या जागेची तयारी ही ग्राहकाची जबाबदारी होती. आमच्या गावी आलेले गृहस्थ खरे तर कंपनीने आपणहून पाठवले होते. दुसऱ्या जागेचे फोटो मागवले आणि गुगलच्या नकाशावर ठिकाण पाहिले, इतक्यावर कंपनीने समाधान मानले. फोटोत मैदान मोकळे दिसत होते. प्रत्यक्षात त्या दिवशी मैदानाच्या एका टोकाला स्वागताची कापडी कमान उभी होती, बँड होता, आणि हेलिकॉप्टर दिसताच पोरेबाळे चुन्याच्या वर्तुळापर्यंत धावत आली. भर म्हणून फोटोग्राफरने ड्रोन उडवला होता. वैमानिकाने खाली येता येता उतरणे सोडून दिले, यान वर घेतले आणि लांबून घिरट्या घालत थांबला. मी तोवर जीपने तिथे पोहोचलेलो नव्हतो. व्याह्यांच्या एका पुतण्याने समयसूचकता दाखवून ड्रोन खाली आणायला लावला, कमान पाडली आणि पोलिसांनी गर्दी रस्त्यापलीकडे हटवली, तेव्हा कुठे ते सुखरूप उतरले.

मांडवात नंतर काही जणांनी वैमानिकाला घाबरट म्हटले. त्या माणसाने जे केले ते या सगळ्या दिवसातले सर्वांत मोलाचे काम होते, असे मी तिथेही म्हणालो आणि येथेही लिहितो. खाली लग्नाचे वऱ्हाड वाट पाहत असताना, पैसे मोजलेले यजमान वर बघत असताना, मागे फिरण्याचा निर्णय घेणे सोपे नसते. पण ज्या कंपनीकडे असा वैमानिक आहे, तिने त्याला न पाहिलेल्या जागेवर पाठवू नये. एका टोकाला इतकी बारकाईने तयारी करायची आणि दुसऱ्या टोकाला फोटोवर विश्वास ठेवायचा, यात पहिल्या तयारीचाही अर्थ उरत नाही, कारण तेच यान, तीच माणसे दोन्हीकडे उतरणार असतात.

लोकांच्या वागण्याबद्दल कंपनीने आम्हाला एक छापील पत्रक दिले होते, तेही फक्त आमच्या बाजूला. त्यातल्या सूचना सर्वांनी पाळाव्यात अशाच आहेत. हेलिकॉप्टरजवळ जायचे ते वैमानिकाला दिसेल अशा बाजूने, पुढून, त्याने खूण केल्यावरच. मागे शेपटीचा पंखा इतक्या वेगाने फिरतो की तो डोळ्यांना दिसत नाही. फेटा, पदर, मुंडावळ्या, टोप्या आवरून धरायच्या. फुलांच्या पाकळ्या किंवा रंगीत कागद उधळायचे नाहीत. ड्रोनविषयी मात्र पत्रकात एकही ओळ नव्हती आणि आजच्या लग्नांत ड्रोन नाही असे होत नाही. ती ओळ सर्वांत वर असायला हवी.

एक गोष्ट कोणत्याही पत्रकात नसते, पण ती गावकऱ्यांना ठाऊक असायला हवी. ३० मे २०२३ रोजी सांबरा विमानतळाजवळ होनिहाळच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान तातडीने उतरवावे लागले, तेव्हा बघ्यांची मोठी गर्दी जमली होती. दुर्दैवाने असे काही घडले तर माणसांना बाहेर काढणे आणि आग विझवणे यापलीकडे त्या अवशेषांना हात लावू नये. या वजनाच्या हेलिकॉप्टरमध्ये मोठ्या विमानांसारखा ब्लॅक बॉक्स असेलच असे नाही. तपास करणाऱ्यांचा सारा आधार जमिनीवरच्या खुणा, तुटलेल्या भागांची जागा, इंजिनाच्या संगणकात राहिलेली नोंद आणि लोकांच्या मोबाइलमधले चित्रीकरण यांवर असतो. कोणी आठवण म्हणून पात्याचा तुकडा घरी नेला तर पुढच्या अपघाताचे कारण त्याच्या माळ्यावर जाऊन पडते.

कागदपत्रांचे काम मी समजत होतो त्यापेक्षा लांब चालले. दोन राज्यांतल्या दोन जिल्ह्यांत उतरायचे असल्यामुळे बेळगावच्या डीसी ऑफिसात एक आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक, असे दोन अर्ज करावे लागले. आमच्याकडचा अर्ज कन्नडमध्ये होता आणि त्यासोबत शाळेची संमती व ग्रामपंचायतीचे पत्र लागले. पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, ते तत्परतेने दिले. कंपनीचा परवाना पाहणे हे ग्राहकाचे काम आहे आणि ते अवघड नाही. भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो, त्याच्या धारकांची यादी खुली आहे आणि यानाच्या शेपटीवर व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्या परवान्याशी जुळला पाहिजे. खासगी वापरासाठी नोंदलेले हेलिकॉप्टर पैसे घेऊन भाड्याने देता येत नाही. स्वस्तात मिळते म्हणून असे यान घेणाऱ्या घरांबद्दल मला खरोखर काळजी वाटते. आमच्या कंपनीकडे मी परवान्याची आणि विम्याची प्रत मागितली, पण ती यायला फार उशीर झाला आणि तीन वेळा आठवण करावी लागली.

दराबाबत इतकेच सांगतो की हिशेब उड्डाणाच्या तासांवर होतो, पुण्याहून येण्याचा आणि परत जाण्याचा रिकामा प्रवासही त्यात धरला जातो, किमान तासांचे भाडे द्यावेच लागते आणि वर जीएसटी असतो. काही मिनिटांच्या प्रवासासाठी खर्च काही लाखांत गेला. टँकर, बॅरिकेड, मैदानाची डागडुजी हे वेगळे. कंपनीने यात कोणतीही लपवाछपवी केली नाही आणि ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही.

लग्नानंतर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. दुसऱ्या जागेची पाहणी न करणे ही चूक असल्याचे त्यांनी उत्तरात मान्य केले, ड्रोनबंदीची सूचना पत्रकात घालण्याचे कळवले आणि दोन्ही जागांची प्रत्यक्ष पाहणी यापुढे वेगळ्या शुल्कासह उपलब्ध राहील असे लिहिले. ही पाहणी ऐच्छिक ठेवणे मला पटलेले नाही आणि तसे मी त्यांना पुन्हा कळवले आहे. संकेश्वरच्या आमच्या पाहुण्यांनी मार्गशीर्षातल्या लग्नासाठी याच सेवेची चौकशी केली, तेव्हा मी त्यांना सांगितले की कंपनी घ्यायला हरकत नाही, पण ते शुल्क भरा आणि दोन्ही मैदाने पाहिल्याचा, तारांच्या नकाशासकटचा कागद हातात आल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नका.